मुळावरच्या गाठी, चीटर बॅक्टेरिया आणि नववीचा वर्ग

शाळेत असताना आपण सगळ्यांनी कधी ना कधी रीडिंग 'ॲडजस्ट' केलेलं आहे, उगाच नाही म्हणू नका. लंबकाचा प्रयोग, जी ची (म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची) किंमत ९.८ च्या आसपास यायला हवी, आपली येते ८.३, मग मागच्या बाकावरून कोणाच्या तरी ताईची जुनी जर्नल येते, त्यातले आकडे उतरवायचे, संशय नको म्हणून दशांशानंतरचा एखादा आकडा इकडचा तिकडे करायचा आणि सरांची सही घ्यायची. सरांना कळत नव्हतं असं नाही, पण पंचेचाळीस पोरं आणि एक लॅब, ते तरी काय करणार. यात एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यात पक्की बसली ती म्हणजे उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं, आपण फक्त तिथपर्यंत पोचायचं, आणि नाही पोचलो तर चूक आपली.

आता ही सवय घेऊन इकॉलॉजीकडे, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या शास्त्राकडे, गेलात की आपटलात. लंबक पुण्यात आणि परभणीत जवळजवळ सारखाच हलतो, चिंचेचं झाड हलत नाही. म्हणजे एका चिंचेला यंदा पालवी लवकर, दहा पावलांवरच्या दुसरीला उशिरा, तिसरीला बकऱ्यांनी खाल्ल्यामुळे पालवी दिसतच नाही. जंगलात, शेतात, ओढ्यात मोजायला गेलं की आकडे असेच येतात, ओबडधोबड, आणि शास्त्रज्ञाचं निम्मं काम त्या ओबडधोबडपणातून खरं काय आणि योगायोग काय हे वेगळं काढण्याचं असतं. हे नेमकं शाळेत कोणी शिकवतच नाही. पर्यावरण म्हटलं की ओझोनचं चित्र, 'झाडे लावा झाडे जगवा' आणि जूनमध्ये एक रोप लावतानाचा फोटो, संपलं.

तर ही ओबडधोबड बाजू शाळेत आणायचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो मला फार आवडलेला आहे म्हणून हा लेख. मी रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतल्या नववी-दहावीच्या सात-आठ पोरांना घेऊन बसतो, क्लास वगैरे नाही, गप्पाच असतात, त्यांच्यावर हा प्रकार मी करून बघितलाय, ते शेवटी सांगतो.

जागा आहे मिशिगन राज्यातली, गावाचं नाव हिकरी कॉर्नर्स. तिथे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं केलॉग बायोलॉजिकल स्टेशन आहे. केलॉग म्हणजे तेच, कॉर्नफ्लेक्सवाले, डब्ल्यू. के. केलॉग यांनीच ही जमीन दिलेली. इथे १९८८ पासून शेतीवर एक लांब पल्ल्याचा अभ्यास चालू आहे, म्हणजे तेच प्लॉट, तीच मोजमापं, दर वर्षी, दशकानुदशकं. एका पीएचडीत न मावणारी गोष्ट. आजूबाजूला छोटी गावं आणि त्यांच्या शाळा.

तिकडच्या सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन नावाची संस्था आहे, संशोधनाला पैसा देते. त्यांनी १९९९ मध्ये जीके-ट्वेल्व्ह नावाची स्कीम काढली. कल्पना साधी होती, पीएचडी करणाऱ्या पोरांना फेलोशिप द्यायची आणि बदल्यात त्यांनी वर्षभर दर आठवड्याला शाळेत जाऊन एखाद्या टीचरसोबत काम करायचं. यात 'वर्षभर' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे शास्त्रज्ञ शाळेत येतात ते प्रमुख पाहुणे म्हणून. शाल, श्रीफळ, 'आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून', मग विज्ञानाचं महत्त्व यावर चाळीस मिनिटं, पोरं उन्हात बसलेली, शेवटी 'कोणाला काही प्रश्न?' आणि शांतता. त्यातून काय होणार? पहिल्या दिवशी कोणी प्रश्न विचारत नाही हो. प्रश्न येतात आठव्या आठवड्यात, जेव्हा ती पीएचडीवाली मुलगी चिखलाचे बूट घालून वर्गात येते आणि सांगते की माझी निम्मी रोपं हरणांनी खाल्ली, आता डेटाचं काय करू मला कळत नाहीये.

केलॉग स्टेशनची पोरं अशी आसपासच्या शाळांमध्ये जात होती आणि तिथले टीचर त्यांना एकच रडगाणं सांगायचे. मुलांना पुस्तकातला ग्राफ वाचता येतो पण खरे आकडे दिले की ती बावचळतात. ग्राफ काढलाच तर त्याच्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे सांगता येत नाही. 'निष्कर्ष लिहा' म्हटलं की गृहीतकच पुन्हा उतरवून काढतात, आकड्याचा उल्लेखच नाही. (आपल्याकडे वेगळं काय होतं.)

यातून २०११ मध्ये 'डेटा नगेट्स' सुरू झालं. नगेट म्हटलं की आपल्याला चिकन आठवतं, इथे अर्थ छोटासा मौल्यवान खडा, सोन्याचा कण टाइप. तेव्हा तिथेच पीएचडी करत असलेल्या एलिझाबेथ शुल्थाइस आणि मेलिसा केल्विक या दोघींनी टीचर लोकांसोबत बसून ते उभं केलं. एक नगेट म्हणजे तीन-चार पानांची वर्कशीट. पहिल्यांदा खऱ्या शास्त्रज्ञाची खरी गोष्ट, हा माणूस कोण, त्याला हा प्रश्न का पडला, त्याने कुठे जाऊन काय मोजलं. मग त्याचा खरा डेटा, टेबलमध्ये. मग ग्राफ काढायचा. मग तीन गोष्टी लिहायच्या, दावा, पुरावा आणि कारण. आणि सगळ्यात शेवटी, मला हे सगळ्यात भारी वाटतं, आता यापुढे तुम्ही कोणता प्रश्न विचाराल? म्हणजे वर्कशीट उत्तरावर संपत नाही, प्रश्नावर संपते.

ग्राफच्याही तीन पायऱ्या ठेवल्यात. एकीत ग्राफ काढूनच दिलेला, दुसरीत फक्त अक्षांवर नावं लिहिलेली, तिसरीत कोरा चौकोन, कर बाबा तुला जमेल तसं. टीचरने वर्ग बघून ठरवायचं. कोरा चौकोन दिल्यावर पोरं किती गांगरतात ते बघायला मिळायला हवं, आडव्या रेषेवर काय आणि उभ्या रेषेवर काय इथेच वीस मिनिटं जातात, आणि ती वाया जात नाहीत, कारण कशामुळे काय बदललं हा सगळ्या प्रयोगाचाच प्रश्न तिथे ठरतो.

आता एक नगेट नीट उघडून बघू, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. विषय आहे मुळावरच्या गाठी.

शेतीशी थोडाफार संबंध असेल तर तुम्हाला बेवड माहीत असेल. हरभरा, तूर, मूग घेतल्यावर त्याच रानात पुढचं पीक जोमानं येतं, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आजोबा पण सांगायचे. कारण असं की हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण झाडाला तो तसाच घेता येत नाही, नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी इतके घट्ट धरून बसतात की ते तोडायला युरियाच्या कारखान्याला प्रचंड तापमान आणि दाब लागतो. आणि नायट्रोजन तर झाडाला हवाच, त्याच्याशिवाय प्रोटीन नाही, क्लोरोफिल नाही, म्हणून तर युरिया टाकला की चार दिवसात पिकाला काळोखी येते. मग हरभरा-तुरीसारखी शेंगांची पिकं काय करतात तर रायझोबियम नावाच्या बॅक्टेरियांना मुळाच्या गाठीत राहायला जागा देतात आणि तो बॅक्टेरिया कारखान्याचं काम गपगुमान, मातीच्या तापमानाला, करून देतो. हरभऱ्याचं रोप उपटून एखादी गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी लालसर दिसलं तर गाठ काम करतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लांबचा नातेवाईक, हो, झाडात! आत हिरवट किंवा राखाडी असेल तर तिथला कारभार आटोपलेला किंवा सुरूच न झालेला.

हा सगळा व्यवहार भाडेकरू-घरमालकासारखा आहे. झाड घर देतं आणि जेवण देतं, म्हणजे पानात बनवलेली साखर. बॅक्टेरिया भाडं देतो, नायट्रोजनच्या रूपात. आता भाडेकरू म्हटला की भाडं बुडवणारा आलाच. काही बॅक्टेरिया साखर तर खातात पण नायट्रोजन देताना हात आखडता घेतात. इकॉलॉजीत यांना सरळ चीटर म्हणतात. मग घरमालक काय करतो? सोयाबीनवरचा एक प्रयोग २००३ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला होता, त्यात गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजनच काढून टाकला, म्हणजे बॅक्टेरियाला भाडं द्यायची इच्छा असून देता येईना. झाडाने त्या गाठींची रसद आवळली, आतल्या बॅक्टेरियांची वाढ घटली. म्हणजे झाड हिशोब ठेवतं. डोकं नाही, डोळे नाहीत, तरी ठेवतं.

आता खरा प्रश्न. घरमालकाला दुसरीकडून भरपूर पैसा यायला लागला तर? म्हणजे शेतात दर वर्षी नायट्रोजनचं खत पडतंय, झाडाला मुळातूनच आयता नायट्रोजन मिळतोय, भाड्याची त्याला पर्वा राहिली नाही. मग प्रामाणिक भाडेकरू आणि बुडवा भाडेकरू यांच्यात फरक कोण करणार? बॅक्टेरियांच्या पिढ्या भराभर होतात, वीस वर्षं म्हणजे त्यांच्या हिशोबात युगं झाली. तेवढ्या वेळात मातीतले बॅक्टेरियाच बदलून आळशी होतील का?

केलॉग स्टेशनवर याचं उत्तर शोधायची सोय आयती होती, कारण तिथे असे प्लॉट होते ज्यांना २२ वर्षं नायट्रोजन घातलेला आणि शेजारी असे ज्यांना अजिबात नाही. जेनिफर लाउ आणि त्यांच्या टीमने दोन्हीकडच्या मातीतून रायझोबियमचे मिळून ६३ वाण वेगळे केले आणि तीन जातींच्या क्लोव्हरला लावून बघितले. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे जनावरांना बरसीम घालतात ना, त्याच्याच कुळातलं.

इथे थांबतो, कारण पोरं इथे हमखास अडकतात आणि मोठी माणसं पण. सरळ शेतात जाऊन कुठल्या प्लॉटमधलं क्लोव्हर मोठं हे का नाही मोजलं? सोपं होतं की! पण खत घातलेल्या प्लॉटमधलं क्लोव्हर मोठं दिसलं तर ते खतामुळे की बॅक्टेरियामुळे, कसं सांगणार? दोन भाऊ, एक मामाकडे वाढला एक घरी, आता एक तापट आणि एक शांत निघाला तर रक्तामुळे की घरामुळे? सांगता येत नाही. म्हणून दोन्ही प्लॉटमधले बॅक्टेरिया काढून एकाच ग्रीनहाउसमध्ये, सारख्या कुंडीत, सारख्या मातीत, कोणालाच नायट्रोजनचं खत न घालता वाढवले. आता घर एकच आहे, तेव्हा जो फरक दिसेल तो भाडेकरूचा. ही एक युक्ती ज्या मुलाला कळली त्याला अर्धी प्रयोगपद्धती कळली असं माझं मत आहे, मग 'नियंत्रित चल आणि परतंत्र चल' ची व्याख्या नाही पाठ झाली तरी चालेल.

निकाल काय आला, तर खत खाल्लेल्या प्लॉटमधले बॅक्टेरिया ज्या रोपांना लावले त्यांचं वजन दुसऱ्यांपेक्षा १७ ते ३० टक्के कमी भरलं, क्लोव्हरच्या जातीनुसार, आणि पानातलं क्लोरोफिलही कमी. हे २०१५ मध्ये इव्होल्यूशन नावाच्या जर्नलमध्ये छापून आलं. म्हणजे एखाद्या माणसाच्या अर्ध्या नोकरीएवढ्या काळात एक उत्क्रांती घडली, चिमूटभर मातीत, कोणाला न दिसता. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला डायनॉसोर आणि माकड आठवतं, म्हणून हे उदाहरण मला जास्तच आवडतं.

पण वर्गात सरासरी एवढीच दिली तर मजा गेली. मजा टेबलात आहे, कारण खताच्या प्लॉटमधून आलेला एखादा बॅक्टेरिया झकास काम करताना दिसतो आणि बिनखताच्या प्लॉटमधला एखादा कामचुकार निघतो. मग हात वर होतो, 'काका हा तर उलटा आलाय, म्हणजे थिअरी चुकली?' आणि इथे खरं शिकणं सुरू होतं. नाही रे, चुकली नाही. मुंबई इंडियन्स चांगली टीम आहे म्हणजे त्यातला प्रत्येक प्लेयर प्रत्येक मॅचला पन्नास काढणार असं असतं का? आपण दोन टीमची तुलना करतोय, दोन प्लेयरची नाही. किती रोपं मोजली, ती एकमेकांपासून किती विखुरली आहेत, आणि सरासरीतला फरक त्या विखुरण्यापेक्षा मोठा आहे की नाही, हे बघायचं. एरर बारची उभी काडी ग्राफवर असते ती हेच सांगते. माझ्यासारख्याला ती काडी कॉलेज संपून दहा वर्षं झाल्यावर समजली, खोटं कशाला बोलू.

मग दावा-पुरावा-कारण. हे तीन शब्द सोपे वाटतात पण लिहायला बसल्यावर घाम फुटतो. दावा: खताच्या प्लॉटमधले बॅक्टेरिया कमी मदत करतात. पुरावा: त्यांच्या रोपांचं वजन एवढ्याने कमी, क्लोरोफिल एवढ्याने कमी, म्हणजे आकडा पाहिजे, 'खूप कमी' चालणार नाही. आणि कारण म्हणजे पुराव्यापासून दाव्यापर्यंतचा पूल: क्लोरोफिल बनायला नायट्रोजन लागतो, कुंडीत दुसरीकडून नायट्रोजन येत नव्हता, म्हणजे पान फिकट असेल तर बॅक्टेरियाने दिला नाही. बहुतेक पोरं हा पूलच गाळतात. दावा लिहितात, आकडा लिहितात, आणि मध्ये 'म्हणून' टाकून मोकळी होतात. त्या 'म्हणून' मध्ये सगळं इकॉलॉजी बसलंय.

एक पोरगं, त्याच्या मामाचं बार्शीकडे रान आहे, ते म्हणालं, मग मामाच्या रानातले बॅक्टेरिया पण बिघडले असणार, तो युरिया लय टाकतो. लॉजिक बरोबर आहे त्याचं. पण त्या ६३ वाणांनी मिशिगनच्या क्लोव्हरबद्दल सांगितलंय, बार्शीच्या तुरीबद्दल नाही. इथली माती वेगळी, पाऊस वेगळा, रायझोबियमच्या जाती वेगळ्या, शिवाय आपल्याकडे पेरणीच्या आधी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियमचं पाकीट चोळून सावलीत सुकवतात, म्हणजे बाहेरून नवे भाडेकरू येतच असतात. तेव्हा शंका घेता येईल, दावा करता येणार नाही, जोवर तिथली माती आणून कोणी कुंड्या लावत नाही. पोरगं जरा हिरमुसलं. मग म्हणालं, 'किती कुंड्या लागतील?' हा प्रश्न ऐकून मला झालेला आनंद मी लपवला.

सगळ्याच नगेटमध्ये थिअरी जिंकते असं पण नाही आणि हे त्यांनी मुद्दाम केलंय. शुल्थाइसबाईंचा स्वतःचा विषय होता परदेशातून आलेली झाडं. आपल्याकडचं काँग्रेस गवत घ्या, गाजर गवत म्हणा, १९५० च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि आज देशभर आहे. अशी झाडं इतकी का माजतात याची एक प्रसिद्ध थिअरी आहे की त्यांना खाणारे किडे, त्यांचे रोग हे सगळे शत्रू मायदेशी राहिले, इथे मोकळं रान. पटण्यासारखी आहे ना? मग त्यांनी एकाच शेतात देशी आणि परदेशी झाडं शेजारी शेजारी लावून पानं कोणाची किती कुरतडली गेली ते मोजलं, खूप जातींवर, आणि २०१५ मध्ये जे छापलं ते असं की शत्रूपासून सुटका ही काळाप्रमाणे बदलत राहते आणि कोणतं झाड जास्त आक्रमक आहे त्याच्याशी तिचा मेळ बसत नाही. एवढी वर्षं घालवून उत्तर 'नाही'. आणि ते 'नाही' छापून आलं, पदवी मिळाली, जग बुडालं नाही. आमच्या शाळेच्या जर्नलमध्ये असं 'नाही' आलं असतं तर लाल पेनाने रिपीट लिहिलं असतं.

आता हे शास्त्रज्ञ लोक एवढं का करतात, समाजसेवा म्हणून? थोडीफार असेल. पण नॅशनल सायन्स फाउंडेशन १९९७ पासून प्रत्येक अर्जात विचारते की बाबा संशोधन ठीक आहे, समाजाला यातून काय मिळणार? तिथे काहीतरी भरावंच लागतं. शाळा हे सोपं आणि चांगलं उत्तर आहे. मला यात काही वावगं वाटत नाही, पैसा जनतेचा आहे तर विचारणारच. आणि त्यांचा स्वतःचाही फायदा होतो बरं का. २०११ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये ९५ पीएचडी-मास्टर्सच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला होता, काही जण फक्त संशोधन करत होते आणि काही जण संशोधन करून शिकवत पण होते, तर वर्षाअखेरीला शिकवणाऱ्यांची तपासता येईल असं गृहीतक मांडायची आणि प्रयोग आखायची क्षमता जास्त सुधारलेली निघाली. नववीच्या पोराने 'पण का?' असं चार वेळा विचारलं की आपल्याच प्रयोगातलं भोक आपल्याला दिसतं, हे ज्याने कोणी शिकवलंय त्याला सांगायला नको.

याची दुसरी बाजू म्हणजे शास्त्रज्ञाचा डेटा वर्गात आणायच्या ऐवजी वर्गाचा डेटा शास्त्रज्ञाकडे न्यायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड फॉरेस्ट आहे, तिथे जॉन ओ'कीफ १९९० पासून ठरलेल्या झाडांची पालवी कधी फुटते आणि पानं कधी गळतात ते फिरून फिरून टिपत आले, आणि मग तीच पद्धत आसपासच्या शाळांना दिली, मुलं शाळेच्या आवारातल्या झाडांच्या त्याच फांद्या दर हंगामात बघतात. लगेच प्रश्न येतो, पोरांनी टिपलेलं खरं कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची परीक्षा पण झालीये, खेकड्यांवर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर परदेशी खेकडे घुसलेत, न्यू जर्सीपासून मेनपर्यंत सात राज्यांत साधारण हजार स्वयंसेवकांना किनाऱ्यावर सोडलं आणि देशी कुठला परदेशी कुठला ते ओळखायला लावलं. २००८ मध्ये आलेला निकाल असा की तिसरीतली पोरं ८० टक्के वेळा बरोबर, सातवीतली ९५ टक्के. नर-मादी ओळखायला मात्र कठीण जातं, तिथे सातवीवाले ८० टक्क्यांवर येतात. कोकणातलं पोर असतं तर कुर्लीचा नर-मादी पोट बघून झटक्यात सांगितलं असतं, पण ते सोडा. मुद्दा असा की पोरांवर विश्वास ठेवायचा की नाही हा चर्चेचा विषय नाहीच, मोजून बघायचा विषय आहे, कुठलं काम कुठल्या वयाला जमतं ते मोजा आणि तेवढंच द्या.

आपल्या देशात असंच चालणारं मोठं काम म्हणजे सीझनवॉच, २०१० च्या सुमारास सुरू झालेलं, नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनवाले चालवतात, आणि केरळमधल्या शाळा यात फार पुढे आहेत, कारण तिथे मातृभूमी वृत्तपत्राचा शाळांसाठीचा सीड कार्यक्रम याला जोडला गेला. पोरगं एक झाड निवडतं, आंबा, फणस, चिंच, बहावा, काहीही, आणि दर आठवड्याला बघून लिहितं, कोवळी पानं आहेत का, कळ्या, फुलं, फळं, नाही-थोडी-भरपूर. एवढंच. आपल्याकडूनही कोणालाही करता येतं. यात एक बारीक गोष्ट आहे जी मुलांना पटवायला सगळ्यात अवघड जाते, ती म्हणजे 'काही नाही' ही पण नोंद आहे. सलग सहा आठवडे फुल नाही, फुल नाही लिहिणं कंटाळवाणं असतं, मुलं तेवढे आठवडे सोडून देतात आणि फुल आलं की उड्या मारत लिहितात. पण मग ते फुल नेमकं त्याच आठवड्यात उमललं की आधीच उमललं होतं आणि याने बघितलं आज, हे कसं कळणार? बहावा लवकर फुलायला लागलाय का हा प्रश्न त्या कंटाळवाण्या 'नाही' वरच उभा आहे.

अडचणी आहेतच, नाही कशाला म्हणू. पोर्शन संपवायचा असतो, तास ३५ मिनिटांचा, आणि दावा-पुरावा-कारण याला बोर्डाच्या पेपरात किती मार्क हा पालकांचा पहिला प्रश्न. टीचर तयार असतात पण त्यांच्या डोक्यावर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं आहे. आणि डेटा नगेट्स इंग्रजीत आहे, मिशिगनच्या हरणांबद्दल आहे, मी ते मराठीत करून सांगतो तेव्हा निम्मा वेळ क्लोव्हर म्हणजे काय यात जातो. इथल्या विद्यापीठांमध्ये, कृषी विद्यापीठांमध्ये एवढे प्रबंध पडलेत, तुरीवर, गवतावर, ओढ्यातल्या माशांवर, त्यातल्या एकेकाची चार पानं झाली तरी कितीतरी वर्ग भागतील. कोणी करत असेल तर मला खरंच सांगा, मी प्रिंट काढून वाटायला तयार आहे.

तर आमचा प्रयोग. 'किती कुंड्या लागतील' वरून सुरू झालं ते बारा कुंड्यांवर येऊन थांबलं, कारण बारा रिकामे पेंटचे डबे मिळाले. बार्शीची माती काही आली नाही म्हणून प्रश्न सोपा केला, खत घातलं की गाठी कमी होतात का. सहा डब्यांत मूग नुसता, सहात मूग अधिक चिमूटभर युरिया, सगळे एकाच गच्चीवर, आणि कुठला डबा कुठे ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या सावलीत सगळे एकाच प्रकारचे आले असते, हे एका मुलीनेच सुचवलं. दोन डबे कबुतरांनी उकरले. एकात पाणी तुंबून रोप कुजलं. राहिले नऊ. पस्तिसाव्या दिवशी बादलीत माती धुऊन मुळं मोजायला बसलो, अंगणभर चिखल, एकीची आई ओरडली. गाठ म्हणजे नेमकी केवढी हे आधी ठरवलं नव्हतं त्यामुळे मोहरीपेक्षा बारीक धरायची की नाही यावर दहा मिनिटं भांडण, मग सगळी पुन्हा मोजली.

युरियावाल्या डब्यांत गाठी कमीच होत्या, एक सोडून. त्या एका डब्यातल्या रोपाला सगळ्यात जास्त गाठी, फोडल्या तर आत चक्क गुलाबी. ज्याचं मामाचं रान तो म्हणाला, 'काका हा काढून टाकू ना, मग ग्राफ मस्त येतोय.' मी काही बोलायच्या आत चिठ्ठ्यांवाली मुलगी म्हणाली की काढायचा नाही, आणि विचारलं की या डब्यात युरिया नक्की कोणी घातला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वहीत कोणी लिहिलंच नव्हतं. शेवटी ग्राफवर तो ठिपका तसाच ठेवला, भोवती गोल केला, आणि खाली पेन्सिलने 'नक्की माहीत नाही' असं लिहिलं. आता पुढच्या जूनमध्ये चोवीस डबे लावायचेत, पेंटवाल्याला सांगून ठेवलंय.